बाबांची सहाची ड्यूटी

माझ्या लेकीच्या हनुवटीखाली एक बारीक पांढरी रेघ आहे. तीन टाक्यांची. समोरून दिसत नाही, हसताना तिने मान मागे टाकली की दिसते. बघणारे विचारतात, एवढ्याशा पोरीला कसं गं लागलं? मी सांगते, जिन्यावरून पडली. त्यात खोटं काही नाही. पण जिन्याचं सगळं सांगायचं तर बाबांचं सांगावं लागतं, आणि ते मी टाळते.

बाबा म्हणजे माझे वडील. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या बसस्टँडवर ते कंट्रोलर होते. जाळीच्या खिडकीमागे बसायचं आणि माईकवर गाड्या पुकारायच्या. जन्मभर तेच केलं. बाबा निवृत्त झाले, आवाज काही झाला नाही. घरात मीठ मागितलं तरी सगळ्या आळीला कळतं. मी कॉलेजात असताना मैत्रिणींसमोर मला त्या आवाजाची लाज वाटायची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी उगाच साळसूद वाटायला नको.

आम्ही पुण्याहून बेंगळुरूला आलो तेव्हा लेक जेमतेम सहा महिन्यांची होती. नवऱ्याची बदली झाली, मीही माझ्या कंपनीच्या इथल्या ऑफिसात जागा मागून घेतली. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, असं म्हणत आलो. पुण्यात असते तर मावशीच्या दारात पोरगी टाकून निघाले असते. इथे दूधवाल्याला ‘उद्या नको’ एवढं सांगायचं तरी आदल्या दिवसापासून मनात वाक्य जुळवावं लागायचं. ‘स्वल्प’ म्हणजे थोडं आणि ‘सरी’ म्हणजे बरं, या दोन कानडी शब्दांवर मी अख्खं वर्ष काढलं. मॉलमध्ये, ऑफिसात काही अडत नाही हो. अडतं ते पोराला ताप आल्यावर शेजारचं दार वाजवायची वेळ येते तेव्हा.

मल्लेश्वरममधला हा पहिला मजला भाड्याने घेतला तो खाली राहणाऱ्या घरमालकीण अज्जींमुळे. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, पण घरात मराठी. कानडीत मुरलेली मराठी. ‘ये अम्मा, स्वल्प बैस,’ असं त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या आणि मी इतर घरं बघायचीच सोडून दिली. एवढं करून पुढे वर्षभरात मी त्यांच्याकडे बसायला किती वेळा गेले? दिवाळीचा फराळ द्यायला एकदा आणि पाण्याची मोटर बिघडली तेव्हा एकदा.

दिवसा लेकीला सांभाळायला एक अक्का यायच्या. त्या सहाच्या ठोक्याला निघायच्या, त्यांची बस असायची. नवरा मेट्रोतून उतरून घरी यायला साडेसात. मी घरूनच काम करायचे, पण सहा वाजले की अमेरिकेतल्या लोकांची सकाळ व्हायची आणि त्यांच्याबरोबर माझी रोजची मीटिंग असायची. सहा ते सात हा एक तास म्हणजे आमच्या संसारातलं भगदाड होतं. ते बाबांनी बुजवलं.

सुरुवात जेवणापासून झाली. पोरगी तोंड उघडायची नाही. एकदा व्हिडिओ कॉल चालू होता, मी वाटी घेऊन रडकुंडीला आले होते, आणि पलीकडून बाबांनी एकदम ठेवणीतला आवाज काढला. ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे. कोल्हापूरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे.’ पोरगी आ वासून बघत राहिली आणि मी तेवढ्यात घास आत सारला. मग काय, घास म्हणजे गाडी आणि तोंड म्हणजे फलाट. पंढरपूर गेली, चिपळूण गेली, वाटी रिकामी. बाबांना तर काय, परत नोकरी लागल्यासारखं झालं.

हळूहळू त्याची ड्यूटी झाली. आम्ही नवऱ्याचा जुना लॅपटॉप हॉलमध्ये एका बुटक्या स्टुलावर ठेवायचो. समोर सतरंजी, सतरंजीवर बाईसाहेब, पुढ्यात कुरमुऱ्यांची वाटी. बाईसाहेब हे बाबांनी दिलेलं नाव. बाबा गाडी पुकारायचे, ती एक कुरमुरा उचलून तोंडात टाकायची आणि पुढच्या गाडीची वाट बघायची. मी आतल्या खोलीत दार अर्धं लोटून, एका कानात मीटिंग आणि दुसरा कान हॉलकडे. पोरगी उठून कुठे निघाली की बाबा माझ्या नावाने असा पुकारा करायचे की मी दोन ढांगांत बाहेर. एकदा तिने कुठलंसं बटण तोंडात घातलं होतं, ते बाबांनी तिकडून बघितलं. मी घरात असून मला दिसलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला लॅपटॉप फिरवायला लावला होता. ‘आणखी डावीकडे. आणखी. मला दार दिसलं पाहिजे,’ म्हणाले. ‘अहो, तिच्याकडे बघायचंय की दाराकडे?’ मी वैतागून विचारलं. ‘कंट्रोलरला गेट दिसत नसेल तर तो तिथे बसून काय उपटतो?’ बाबा म्हणाले. आई सांगायची की पावणेसहाला ते तोंड धुऊन इस्त्रीचा शर्ट घालतात. संध्याकाळी पारावर गप्पांना जायचे तेही सोडलं होतं. तिथल्या मंडळींना सांगून ठेवलं होतं, सहाला आपली बेंगळुरूला ड्यूटी असते.

आता माझी करणी सांगते.

एका मीटिंगमध्ये मी बोलत असताना पलीकडच्या एकाने विचारलं, तू विमानतळावर आहेस का? मागे घोषणा ऐकू येतायत. सगळे हसले. मीही हसले. पण आतून मी कॉलेजातली तीच पोरगी झाले, कानाच्या पाळ्या तापलेली. दुसऱ्या दिवशी माझी बोलायची पाळी आली तेव्हा मी हळूच हॉलमध्ये गेले आणि लॅपटॉपच्या आवाजाची कळ दाबली. आवाज बंद. पडद्यावर बाबा हात हलवून गाडी फलाटाला लावत होते. पोरगी त्यांच्या हाताकडे बघून कुरमुरा खात होती. तिचं काही अडलं नाही. मला हायसं वाटलं.

फक्त माझं बोलून होईपर्यंत, असं ठरवलं होतं. पण सवय लागायला काय लागतं? पुढे पुढे मीटिंग सुरू व्हायच्या आधीच मी कळ दाबून यायचे. लॅपटॉपवर वाकून, बाबांकडे बघून हसायचे, ‘हं, चालू दे तुमचं,’ म्हणायचे आणि त्याच हाताने त्यांचा आवाज बंद करायचे. सात वाजता परत कळ दाबली की त्यांचं चाललेलंच असायचं. ‘…मुक्कामी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे.’ म्हणजे तासभर माणूस बोलत होता. त्यांना पत्ता नव्हता, कारण पोरगी हसत होती आणि मला हाक मारायची वेळ आली नव्हती. मला वाटायचं, कुणाचं काय बिघडतंय? त्यांना वाटतंय आपण बोलतोय, तिला दिसतंय आजोबा आहेत, माझं काम होतंय. वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण रोज वाटणारं वाईट रोज थोडं कमी होत जातं, हे मी स्वतः बघितलंय.

त्या दिवशी मोठ्या साहेबांपुढे मला सगळ्या कामाचा आढावा द्यायचा होता. सकाळपासून माझं डोकं फिरलेलं. अक्का निघाल्या तेव्हा मी मीटिंगमध्ये शिरले होते. एका हाताने त्यांना निरोप दिला, दार लोटलं आणि वरची कडी घातलीच नाही. ती कडी मी रोज घालायचे. लॅपटॉपची कळ मात्र आठवणीने दाबली. मोबाईलचाही आवाज बंद करून पालथा ठेवला. काही यायला नको ना मध्ये.

अर्ध्या तासाने मला पोरीचं रडणं ऐकू आलं. मोकळ्या कानाने आलं आणि हॉलमधून आलं नाही, लांबून, बाहेरून आलं. मी धावत हॉलमध्ये आले. सतरंजी रिकामी. दार सताड उघडं. आणि स्टुलावरच्या पडद्यावर बाबांचं तोंड, इतकं जवळ की नुसती मिशी आणि उघडे ओठ दिसत होते. ते ओरडत होते. गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होते आणि हॉलमध्ये चिडीचूप होतं.

आमचा जिना बाहेरून आहे, दगडी पायऱ्यांचा. अज्जी मधल्या वळणावर पायरीवर बसल्या होत्या, पोरगी मांडीवर, पदर तिच्या हनुवटीला दाबून धरलेला. पदर लाल. मी तिला ओढून घेतलं. माझ्या एका कानात अजून साहेब विचारत होते, तुम्ही आहात ना? ते कानातलं मी उपटून कुठे फेकलं, आजपर्यंत सापडलं नाही. ‘घाबरू नको अम्मा, हनुवटी आहे, डोळा नाही,’ अज्जी म्हणाल्या. ‘तू रिक्षा बोलाव. मी तुझी पर्स आणते, दार लावून येते.’ खाली आल्या तेव्हा पर्स माझ्या हातात देत म्हणाल्या, ‘तुझे अप्पा दिसतात त्या लॅपटॉपमध्ये. आवाज नाही. मी त्यांना हात जोडून खूण केली, पोर बरी आहे म्हणून.’

दवाखान्यात तीन टाके पडले. पोरीला दोघींनी धरून ठेवावं लागलं, एकीकडून मी, एकीकडून अज्जी. सगळं आटपून मोबाईल उघडला तर बाबांचे सतरा कॉल. मी फोन लावला. पहिल्याच घंटेला त्यांनी उचलला. आधी पोरीचं विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाले, ‘अगं, ती दाराकडे निघाली तेव्हापासून मी हाका मारतोय. दार ढकललं तिने, मला दिसलं. तुला एकही हाक ऐकू गेली नाही?’

आवाज बसला होता त्यांचा. घोगरा, चिरकलेला. तो आवाज तसा मी जन्मात ऐकला नव्हता.

‘बाबा, नेट गेलं होतं,’ मी म्हटलं. ‘आवाज येत नव्हता.’

त्यांनी घसा खाकरून बघितला. मग म्हणाले, ‘माझ्याच बाजूने गेलं असणार.’ आणि मी त्यांना नाही म्हटलं नाही.

नवऱ्यालाही तेच सांगितलं. तो बिचारा इंटरनेटवाल्यांशी हिंदीत भांडला, मग इंग्रजीत भांडला. त्यांचा माणूस येऊन सगळं तपासून गेला आणि म्हणाला, इथे काही दोष नाही, तिकडचं असेल. ‘गावाकडचं नेटच भिकार,’ नवरा म्हणाला. मी भाजी चिरत होते. ‘हो ना,’ म्हटलं. एका वाक्याने खोटं बोललं की पुढची आपोआप सुचतात, कष्ट पडत नाहीत.

बाबांनी तिकडे दुसऱ्याच दिवशी केबलवाल्याला बोलावून वायर बदलून घेतली. तरी त्यांचा विश्वास बसेना. मग ते फोन घेऊन गच्चीवर जाऊन बसायला लागले, कुणीतरी सांगितलं वर रेंज पूर्ण मिळते. आमच्या गावच्या घराला गच्चीवर जायला जिना नाही, लोखंडी शिडी आहे. बाबांच्या गुडघ्याला सूज असते. पडद्यावर त्यांच्यामागे पाण्याची टाकी दिसायची, डोक्यावर माकडटोपी, वाऱ्याने शर्ट फडफडायचा. मी म्हटलं, खाली बसा की. ‘नाही नाही, खाली भरवसा नाही,’ म्हणाले.

गाड्या पुकारणं थांबलं. ते नुसते पोरीकडे टक लावून बसायचे आणि दर दोन मिनिटांनी विचारायचे, ‘हॅलो, आवाज येतोय का?’ पोरगी कुरमुरा हातात धरून गाडीची वाट बघायची. गाडी येईना. शेवटी तिनेही खेळ बदलला. तिकडून ‘आवाज येतोय का’ आलं की ही टाके पडलेली हनुवटी हलवून म्हणायची, ‘येतोय.’ आणि एक कुरमुरा खायची. नवरा हे बघून हसला. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

त्या आठवड्यात मी मीटिंग हॉलमध्येच घेत होते, पोरीला मांडीवर घेऊन. आवाजाच्या कळीला बोट लावलं नव्हतं. पण त्यांचा आवाजच आता बंद करण्याजोगा राहिला नव्हता.

अज्जी टाके बघायला वर आल्या एकदा. हनुवटी निरखली, ‘सरी, छान भरली,’ म्हणाल्या. मग लॅपटॉपकडे बघून विचारलं, ‘अप्पांचा आवाज नीट झाला का? त्या दिवशी फार बोलत होते गं ते. मला बघवलं नाही.’ त्या पुढे म्हणाल्या, ‘सहा वाजता मी काय करते? खाली बसून शेंगा सोलते. वर आणून सोलल्या असत्या. तू सांगितलं नाहीस कधी.’ कुरकुर नव्हती बोलण्यात, सहज म्हणाल्या. मला मात्र तोंड वर करवेना. परक्या गावात आपलं कुणी नाही म्हणून मी वर्षभर रडगाणं गायलं, आणि हे माणूस सोळा पायऱ्या खाली होतं.

मग एके दिवशी बाबाच म्हणाले, ‘तू दुसरी काहीतरी सोय बघ बाळा. माझा भरवसा धरू नकोस. ऐन वेळेला माझी हाक पोचली नाही, तर उपयोग काय माझा?’ ‘असं काय बोलता,’ म्हटलं मी. एवढंच म्हटलं. तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं आणि गिळलं, कारण खोटं उघडं पडलं की नवरा काय म्हणेल, आई काय म्हणेल हेच आधी डोळ्यांपुढे आलं. आपल्या अब्रूची केवढी काळजी असते माणसाला.

दोन दिवसांनी सकाळी आईचा फोन आला. ‘तुला सांगू नको म्हणालेत,’ असं म्हणून तिने सांगितलं. उतरताना शिडीवरून पाय निसटला, नडगी सोलवटली, नशिबाने खालच्याच पायरीवर होते. ‘मी म्हटलं बास करा आता. तर म्हणतात, माझ्यापायी पोरीला टाके पडले, आता परत रेंज गेली तर? तूच समजाव बाई त्यांना. माझं ऐकत नाहीत.’

त्या दिवशी मी ऑफिसला कळवून टाकलं, सहाची मीटिंग मला जमणार नाही. कारण विचारलं तर घरचं आहे म्हटलं. पोरीला मांडीवर घेऊन स्टुलासमोर बसले. बाबा आले पडद्यावर. मागे टाकी, डोक्यावर टोपी.

‘हॅलो, आवाज येतोय का?’

‘येतोय,’ पोरगी म्हणाली.

‘बाबा, तुम्ही खाली या आधी,’ मी म्हटलं.

‘खाली नको, खाली रेंज…’

‘बाबा, नेट गेलंच नव्हतं.’

ते थांबले. मी भराभर बोलून टाकलं, थांबले असते तर परत गिळलं असतं. ‘त्या दिवशी नेट चांगलं होतं. तुमच्याकडचंही आणि माझ्याकडचंही. लॅपटॉपचा आवाज मी बंद केला होता. मीटिंगमध्ये तुमचा आवाज जातो म्हणून. दाराची कडीही मीच घातली नव्हती. तुमची काही चूक नव्हती, बाबा. मी खोटं बोलले तुमच्याशी.’

बाबांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. केसांवरून हात फिरवला. मला वाटलं आता ओरडतील. ओरडावं असं फार वाटत होतं मला. लहानपणी एवढ्या तेवढ्याला ओरडायचे, मग आता का नाही?

‘म्हणजे मी हाका मारत होतो त्या…’

‘नाही पोचल्या. मीच बंद केलं होतं.’

‘बरं,’ म्हणाले. पोरगी वाटीतले कुरमुरे सतरंजीवर ओतत होती. बाबा तिच्याकडे बघत होते. तिच्याकडे बघतच त्यांनी विचारलं, ‘त्या दिवशीच केलं होतंस? की रोज करायचीस?’

रागाची तयारी ठेवली होती मी, या प्रश्नाची नव्हती. किती महिने झाले असतील? इस्त्रीचा शर्ट घालून, पारावरच्या गप्पा सोडून, रोज संध्याकाळी तासभर हा माणूस कोल्हापूर, चिपळूण, पंढरपूर पुकारत बसला होता, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त या घरात कुणी ऐकलंच नव्हतं. हे त्यांना सांगायचं? खरं बोलायलाच बसले होते ना मी?

‘त्या दिवशीच,’ मी म्हटलं.

‘मग ठीक आहे,’ बाबा म्हणाले. ‘होतं असं एखाद्या दिवशी. ऑफिसचं काम म्हटल्यावर.’ आणि ते उठले. फोन त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला, तसाच चालू. पडदा काळा झाला. नुसता त्यांचा श्वास आणि शिडीच्या एकेका दांड्यावर पाय टेकल्याचा आवाज येत होता. मी दांडे मोजत होते. पाय जमिनीला लागले तेव्हाच मोजायचं थांबले.

नवऱ्याला त्याच रात्री सगळं सांगितलं, रोजचंही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘बाबांना मात्र हे कळू देऊ नकोस.’ म्हणजे आता आम्ही दोघं सामील.

आता सहाला अज्जी वर येतात, मांडीपुढे सुपात अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या शेंगा घेऊन. माझी मीटिंग मी सकाळची करून घेतली आहे, पण तरी त्या येतात आणि मीही त्यांना नको म्हणत नाही. ‘आज कुठली गाडी, अण्णा?’ असं विचारतात बाबांना. बाबा खाली घरात बसून पुकारतात. आवाज पहिल्यासारखा झालाय. मी सगळ्या गाड्या शेवटच्या फलाटापर्यंत ऐकते. काही गावं मला माहीतच नव्हती.

परवा पोरीने वरणाचा हात लॅपटॉपवर फिरवला. कळांवर पिवळे डाग पडले. बाबांचं चाललं होतं, ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे, विट्याकडे जाणारी…’ मी ओलं फडकं घेऊन पुसायला लॅपटॉपवर वाकले, हात कळांकडे नेला.

बाबा मध्येच थांबले.

मी पुसलं. हात मागे घेतला, फडकं खाली ठेवलं. अज्जींनी शेंगेवरून मान वर केली. पोरगी कुरमुरा धरून बसली होती. बाबा माझ्या हाताकडे बघत होते.

‘बोलू का?’ त्यांनी विचारलं.

‘बोला, बाबा,’ मी म्हटलं.